२८ दिवसांत परवानगी : घाई कुठे करावी आणि कुठे करू नये





गेल्या तिमाहीत एका मंडळीत आपल्या पाड्यांवरील कामाची माहिती द्यायला गेले होते. उपासनेनंतर चहाच्या वेळी एक काका जवळ आले. वीज खात्यात अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले आणि आपल्या कामाला दर नाताळात न चुकता देणगी पाठवणारे. ते म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण एक विचारतो. आदिवासी लोक प्रत्येक प्रकल्पाला नाही का म्हणतात? तिकडे अमेरिकेत जमिनीतल्या उष्णतेवर वीज करायची तर सरकार आता २८ दिवसांत परवानगी देतं. धूर नाही, कोळसा नाही. तरी तिथलेही आदिवासी कोर्टात जातात. स्वच्छ विजेला विरोध कशासाठी?"

मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. "वाचते आणि पत्रिकेत लिहिते," असे म्हणून मी निघाले. काका थट्टा करत नव्हते. त्यांचा प्रश्न आपल्या पुष्कळ हितचिंतकांच्या मनात असतो, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. म्हणून हा लेख सर्वांसाठी.

जमिनीतली उष्णता म्हणजे काय?

आपल्यापैकी अनेक जण वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या बाजूला गेलेले असतील. तानसा नदीच्या काठी तिथे गरम पाण्याची कुंडे आहेत. कोकणात खाली गेलो तर उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूर अशी ओळच आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जाते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. काही ठिकाणी ती वरच्या थरांतच भरपूर असते.

वीज करण्यासाठी अशा जागी एक-दोन किलोमीटर किंवा त्याहून खोल विहीर खोदतात. वर येणाऱ्या वाफेवर जनित्र फिरवतात. पाणी फार तापलेले नसेल तर त्याची उष्णता लवकर उकळणाऱ्या दुसऱ्या द्रवाला देतात आणि त्याच्या वाफेवर यंत्र चालवतात. वापरलेले पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडतात. इंधन जाळावे लागत नाही. सूर्य मावळला, वारा पडला तरी वीज चालू राहते. हा त्याचा मोठा गुण आहे आणि तो मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

पण यात एक अडचण आहे. वरचा झरा आणि खालचा साठा हे बहुतेक वेळा एकाच पाण्याचे दोन भाग असतात. खालून उपसा केला की वर फरक पडू शकतो. न्यूझीलंडमध्ये वैराकेई येथे १९५८ साली असे वीजकेंद्र सुरू झाले आणि पुढच्या काळात शेजारच्या गायझर खोऱ्यातली उसळणारी गरम कारंजी बंद पडली. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या ब्योवावे येथेही तसेच झाले. आता पाणी परत सोडण्याची पद्धत सुधारली आहे. तरी झऱ्याला धक्का लागणारच नाही, अशी हमी खोदण्यापूर्वी कोणालाही देता येत नाही.

सरकारी जमीन आणि सहा चाळण्या

अमेरिकेत अशी उष्णता मुख्यतः पश्चिमेकडच्या राज्यांत आहे आणि तिथली पुष्कळ जमीन केंद्र सरकारची आहे. नेवाडा राज्याची तर सुमारे चार पंचमांश. ही जमीन बहुतांशी भूव्यवस्थापन विभागाकडे असते. आपल्याकडे वनखाते आणि महसूल खाते मिळून जे करतात, तसे काम या विभागाचे आहे, असे ढोबळमानाने समजू या.

१९७० च्या भूऔष्णिक वाफ कायद्याखाली कंपनीला या जमिनीचा पट्टा लिलावात घेता येतो. त्याच काळात आलेला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा सांगतो की, सरकारने कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी त्याचे परिणाम तपासावेत आणि लोकांसमोर मांडावेत. आता होते असे की जमिनीचा आराखडा करताना एक तपासणी, पट्टा देताना दुसरी, शोध घेताना तिसरी, चाचणीची विहीर खोदताना चौथी, उत्पादनाच्या विहिरी आणि वीजकेंद्र यांसाठी पुढच्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील अभ्यासकांनी २०१४ साली दाखवून दिले की, एकाच प्रकल्पाला अशी तपासणी सहा वेळापर्यंत लागू शकते आणि सगळे मिळून सात ते दहा वर्षे जाऊ शकतात. त्यात विभागाच्या स्थानिक कार्यालयांत हा विषय जाणणारी माणसे कमी. फाईल टेबलावर पडून राहते, ती तिथेही.

आणखी एक गोष्ट मला खटकली. २००५ च्या ऊर्जा कायद्यात तेल आणि नैसर्गिक वायूच्या काही विहिरींना या तपासणीतून सवलत दिली गेली. जमिनीतल्या उष्णतेसाठी तशीच विहीर खोदायची तर ती सवलत नाही. म्हणजे धूर करणाऱ्याला रस्ता मोकळा आणि धूर न करणाऱ्याला फाटकापाशी उभे करायचे. आजही अमेरिकेच्या एकूण विजेत या उष्णतेचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. तेव्हा परवानग्या लवकर मिळाव्यात असे म्हणणारे सगळे लोभी आहेत, असे समजण्याचे कारण नाही. त्यांची तक्रार बरीचशी खरी आहे.

घाई कशी वाढत गेली

२०२३ साली तिथल्या संसदेने मुदत घालून दिली. छोटी तपासणी एका वर्षात आणि मोठी दोन वर्षांत संपवावी. अहवालाच्या पानांवरही मर्यादा आली. २०२४ च्या एप्रिलमध्ये विभागाने शोधकामाच्या काही प्रकारांना वेगळ्या तपासणीतून सूट दिली. जानेवारी २०२५ मध्ये साठा खरोखर आहे की नाही हे पाहण्यासाठी खोदायच्या विहिरींनाही तशी सूट मिळाली. इथपर्यंतचे बदल मला समजण्याजोगे वाटतात. एकाच जागेची तीच तपासणी चार वेळा करून कोणाचे भले होत नाही.

त्यानंतर मोठी उडी आली. २० जानेवारी २०२५ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांनी ऊर्जेच्या बाबतीत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. एप्रिलमध्ये गृह विभागाने आणीबाणीची कार्यपद्धती आणली. (तिथला गृह विभाग म्हणजे पोलीस नव्हे. जमीन, खनिजे आणि मूळनिवासी जमाती यांचा कारभार त्याच्याकडे असतो.) छोटी तपासणी सुमारे १४ दिवसांत, मोठी सुमारे २८ दिवसांत. मे महिन्याच्या अखेरीस ही पद्धत नेवाडातल्या तीन भूऔष्णिक प्रकल्पांना लावण्यात आली. काकांनी सांगितलेले २८ दिवस ते हेच.

या पद्धतीत आणखी एक आकडा आहे. ऐतिहासिक आणि पवित्र स्थळांच्या रक्षणाच्या कायद्याखाली जमातींशी जो विचारविनिमय करायचा, त्यात मत कळवायला त्यांना सुमारे ७ दिवस मिळतात.

सात दिवस म्हणजे किती, हे पाड्यावर काम करणाऱ्याला विचारा. पत्र पोचायला दोन-तीन दिवस. ते वाचून समजावून सांगणारा शोधायला एक दिवस. लग्नकार्याला, मजुरीला किंवा वीटभट्टीवर गेलेली माणसे परत बोलवायची. म्हाताऱ्यांना विचारायचे, कारण कोणत्या झऱ्यापाशी काय आहे हे त्यांनाच ठाऊक. मग एकत्र बसायचे. तिथल्या जमातींकडे स्वतःची कार्यालये आणि वकील आहेत हे खरे. पण भोवतालच्या पट्ट्यात एकाच वेळी दहा ठिकाणची पत्रे आली तर त्या छोट्या कार्यालयानेही सात दिवसांत काय करावे?

डिक्सी मेडोजचा झरा

नेवाडातच चर्चिल काउंटीमध्ये डिक्सी मेडोज नावाची पाणथळ जागा आहे. आजूबाजूला कोरडे वाळवंट आणि मध्ये गरम झऱ्यांवर जगणारी हिरवळ. फॅलन पायूट-शोशोन जमातीसाठी हे झरे पवित्र आहेत. प्रार्थना आणि आरोग्य यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे येतात. जगात दुसरीकडे कुठेही न आढळणारी एक छोटी बेडकाची जात याच पाण्यात राहते. तिची वेगळी जात म्हणून नोंद २०१७ साली झाली.

या झऱ्यांच्या शेजारी ६० मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पाला भूव्यवस्थापन विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मंजुरी दिली. जमातीने आणि एका पर्यावरण संस्थेने महिन्याभरात न्यायालयात धाव घेतली. एप्रिल २०२२ मध्ये वन्यजीव विभागाने या बेडकाला तातडीने संकटग्रस्त जाहीर केले आणि डिसेंबरमध्ये ते कायम केले. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने बांधकाम थांबवले आणि पुढे प्रकल्प लहान करून १२ मेगावॅटचा विचार सुरू केला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही मंजुरी २८ दिवसांत दिलेली नव्हती. कागदपत्रांचे काम कित्येक वर्षे चालले होते. बैठकाही झाल्या होत्या. जमातीचे म्हणणे असे की आमचे बोलणे लिहून घेतले, पण निर्णयात ते कुठे दिसले नाही. जिथे पूर्ण तपासणी हवी होती तिथे छोटीवर भागवले.

हे वाचून माझ्या डोक्यात थोडा प्रकाश पडला. किती दिवस लागले यावरून ऐकून घेतले की नाही हे कळत नाही. वर्षे घालवूनही न ऐकणे शक्य असते.

मेडिसिन लेक : घाईमुळे झालेला उशीर

दुसरे उदाहरण उत्तर कॅलिफोर्नियातले. मेडिसिन लेक हे ज्वालामुखीच्या माथ्यावरचे तळे. पिट रिव्हर जमात आणि शेजारच्या जमातींसाठी ते उपचाराचे आणि प्रार्थनेचे ठिकाण. तिथे १९८८ साली सरकारने भूऔष्णिक पट्टे दिले. दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा, १९९८ साली, ते वाढवून दिले. वाढवताना नवी पर्यावरण तपासणी केली नाही आणि जमातीला विचारलेही नाही. नुसती मुदतवाढ आहे, त्यात काय विचारायचे, असा हिशेब.

जमात न्यायालयात गेली. २००६ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की ही मुदतवाढ बेकायदा होती. आधी तपासायला हवे होते, आधी विचारायला हवे होते. तिथल्या उरलेल्या पट्ट्यांवर दुसरा खटला चालला. त्याचाही निकाल २०१९ साली अपील न्यायालयात जमातीच्या बाजूने लागला. पहिल्या मुदतवाढीपासून मोजले तर २१ वर्षे झाली. एवढ्या काळात तिथे वीजकेंद्र उभे राहिले नाही.

१९९८ साली विचारण्यात एखादे वर्ष गेले असते. ते वाचवले आणि वीस वर्षे घालवली. यात कंपनीचे पैसे गेले. जमातीची एक पिढी खटल्यात म्हातारी झाली. स्वच्छ वीजही कोणाला मिळाली नाही.

विचारून केले तर

"म्हणजे आदिवासी नाहीच म्हणणार," असे काका इथे म्हणतील. तसे नाही. न्यूझीलंडमध्ये मोकाई येथे माओरी लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर भूऔष्णिक वीजकेंद्र आहे. ते २००० साली सुरू झाले. त्याची मुख्य मालकी तुआरोपाकी ट्रस्ट या माओरी जमीनधारकांच्या विश्वस्त संस्थेकडे आहे. तीच उष्णता वापरून त्यांनी भाजीपाल्याची हरितगृहे चालवली. २०११ पासून शेजारी मिराका नावाचा दूध प्रक्रिया कारखानाही त्या वाफेवर चालतो. जमीन त्यांची, निर्णय त्यांचा, नफ्यातही वाटा त्यांचा. तिथे उष्णतेला विरोध झाला नाही, कारण ती कोणी काढून नेली नाही.

अमेरिकेत सरकारी जमिनीवरच्या प्रकल्पांची रॉयल्टी कशी वाटली जाते ते पाहा. निम्मी राज्याला, पाव भाग काउंटीला, पाव भाग केंद्राला. ज्या जमातीचा झरा पणाला लागतो तिच्यासाठी या वाटपात वेगळा हिस्सा ठेवलेला नाही. मग ती हो कशासाठी म्हणेल?

जागा निवडण्यातही वाट निघते. युटा राज्यातल्या बीव्हर काउंटीत ऑक्टोबर २०२४ मध्ये २,००० मेगावॅटपर्यंतच्या मोठ्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. तिथे नैसर्गिक झऱ्यावर अवलंबून न राहता खोल गरम खडकात आडव्या विहिरी नेतात, खडकाला भेगा पाडून त्यातून पाणी फिरवतात आणि तापवून वर आणतात. हे तंत्र जसजसे रुळेल तसतसे पवित्र झऱ्याच्या उशाशीच खोदले पाहिजे ही सबब राहणार नाही. झऱ्यापासून दूरची जागा आधीच निवडली तर परवानगी आपोआप लवकर मिळेल.

आपल्याकडचे चित्र

हा विषय आता आपल्याही दारात आला आहे. भारतात तीनशेहून अधिक गरम झरे नोंदलेले आहेत आणि त्यांतून सुमारे १०,६०० मेगावॅट वीज होऊ शकेल असा सरकारी अंदाज आहे. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात पहिल्या प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०२१ मध्ये करार झाला. चांगपा पशुपालक तिथे आपली जनावरे चारतात. छत्तीसगडमधले तातापानी तर आदिवासी भागातच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. उद्या आपल्या कोकणपट्टीतही सर्वेक्षणाचे खांब रोवले गेले तर नवल नाही.

आपल्याकडे कायदे कमी नाहीत. १९९६ चा पेसा कायदा आहे. २००६ चा वनहक्क कायदा आहे. २००९ साली पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून सांगितले की, वनजमीन प्रकल्पाला देण्याआधी वनहक्कांचे काम पूर्ण झालेले असावे आणि ग्रामसभेची संमती असावी. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांना विचारा असे सांगितले. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटले. त्यांचे ऐकले गेले.

२०२२ च्या वन संवर्धन नियमांनी हा क्रम बदलला. आता केंद्राची मंजुरी आधी येऊ शकते. वनहक्क कायद्याची पूर्तता झाली की नाही हे राज्याने नंतर, जमीन ताब्यात देण्यापूर्वी पाहायचे. कागदावर हा फरक छोटा दिसतो. पण सगळे ठरल्यावर विचारणे आणि ठरवण्याआधी विचारणे, यांतला फरक आपल्या घरातल्या सुनेलाही कळतो.

एक फाईल

आता माझ्या कामातली एक गोष्ट. आमच्या भागातल्या एका वारली आजी-आजोबांनी २००९ साली वनहक्काचा दावा केला. सासऱ्याच्या काळापासून कसत असलेली साडेतीन एकर जमीन. वनहक्क समितीने पाहणी केली, ग्रामसभेने शिफारस केली आणि फाईल वर गेली. पुढे काय झाले ते सांगायला दोन वाक्ये पुरतील, पण त्या दोघांना ते अकरा वर्षे सोसावे लागले. आधी नकाशा नाही म्हणून परत आली, मग साहेबांची बदली झाली, मग फाईलच सापडेना. २०१३ साली आम्ही झेरॉक्स जोडून पुन्हा दाखल केली.

२०१६ साली दावा नामंजूर झाल्याचे कळले. कारण लिहिलेले नव्हते. कायद्याने कारण कळवावे लागते आणि अपिलाला ६० दिवस मिळतात. आम्ही धावपळ करून ५२ व्या दिवशी अपील दिले. २०२० साली पट्टा आला, सव्वा एकराचा.

कायदा म्हणतो की पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने असावा. आजोबा २०१८ सालीच वारले होते. मी तो कागद आजींच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "यात त्यांचं नाव कुठं हाये?"

त्याच भागात एका प्रकल्पासाठी ग्रामसभा बोलावली होती. नोटीस दोन दिवस आधी पंचायतीच्या दारावर चिकटवली होती. आमच्या पाड्यापासून पंचायत सात किलोमीटर. सभेला किती जण पोचले असतील, ते आपण ओळखू शकता. त्या फाईलला मात्र कोणी हरवू दिले नाही.

माझे दुःख हे आहे, काका. सरकारकडे घड्याळ नाही असे नाही. दोन घड्याळे आहेत. मोठ्या अर्जदाराचे २८ दिवसांचे आणि आजींचे अकरा वर्षांचे.

मग माझे उत्तर

बायबल शाळेत असताना नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा धडा आम्ही लोभाचा धडा म्हणून शिकलो. आता तो अध्याय (१ राजे २१) वाचताना माझे लक्ष कागदांकडे जाते. राजाच्या नावाने पत्रे गेली, त्यांवर शिक्का होता. वडीलधारी मंडळी बसवली, दोन साक्षीदार उभे केले. सगळे रीतसर आणि झटपट झाले. फक्त नाबोथाचे म्हणणे कोणी ऐकले नाही. आणि लूक १८ मधली विधवा आठवते. तिच्या बाबतीत न्यायाधीशाला कसलीच घाई नव्हती. शास्त्रात दोन्ही अन्याय आहेत, घाईचा आणि दिरंगाईचाही. आणि दोन्ही वेळा सोसणारा दुबळाच आहे.

म्हणून परवानग्या लवकर मिळाव्यात, यावर माझे आणि काकांचे भांडण नाही. परवानगीत वेळ जातो तो तीन ठिकाणी. एकाच गोष्टीची पुन्हा पुन्हा तपासणी करण्यात वेळ जातो. ती जरूर कमी करावी. माणसे कमी असल्याने फाईल पडून राहते. तिथे माणसे भरावीत. तिसरा वेळ तिथे राहणाऱ्यांचे ऐकण्यात जातो. तो कापू नये. उलट तो सगळ्यांत आधी द्यावा, म्हणजे नको ती जागा सुरुवातीलाच सुटते आणि पुढची वीस वर्षे वाचतात. आणि जी तत्परता कंपनीच्या अर्जाला दाखवता येते ती वनहक्काच्या दाव्यालाही दाखवावी. एवढेच आमचे मागणे आहे.

आदिवासी प्रत्येक प्रकल्पाला नाही म्हणत नाहीत. त्यांना बहुतेक वेळा हो किंवा नाही म्हणायची वेळच दिली जात नाही. न्यायालयात जाणे हे तेव्हाच घडते.

आपण काय करू शकतो

या वेळी मी पैशाचे आवाहन करत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये निवृत्त तलाठी, कारकून, शिक्षक, अभियंते आहेत. दाव्यांचे कागद नीट लावणे, सरकारी पत्रे वाचून सोप्या भाषेत सांगणे, मोजणीच्या वेळी सोबत उभे राहणे आणि अपिलाचे ६० दिवस वहीत लिहून ठेवणे, या कामांना महिन्यातले दोन दिवस देणारी माणसे मिळाली तर पाड्यांवर मोठी मदत होईल. आपल्या भागात एखाद्या प्रकल्पाची बातमी आली तर "किती मेगावॅट?" याबरोबर "ग्रामसभा कधी झाली, नोटीस किती दिवस आधी दिली?" हेही विचारा. आणि प्रार्थनेत आमच्या ग्रामसभांची आठवण ठेवा. तिथे पहिल्यांदा उभे राहून बोलायला फार धैर्य लागते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी काकांना फोनवर वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, नकाशे मला वाचता येतात. कधी येऊ?"

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते आमच्याबरोबर पाड्यावर येत आहेत. गाडीत अजून तीन जागा आहेत.

प्रभूच्या सेवेत आपली,
पाड्यांवरील एक कार्यकर्ती